ठकाईचा राग

निंबखारच्या खाऱ्या तळ्यात उतरलं तर पायाला दगड लागत नाही. चार कोसांच्या घेराचा हा तळ नुसता चिखलाचा आहे; वर राखाडी, वीतभर खाली काळा आणि लोण्यासारखा मऊ. काठालाही दगड नाही. चुलीला तीन दगड हवे असले तरी गावाला नदीवर जावं लागतं. आणि तरीही पूर्वेच्या काठापासून दोनशे पावलं आत, उघड्या पाण्यात, दगडांचा एक ढीग आहे. कमरेएवढा उंच. सगळे दगड गोल, पेरूएवढे, एकमेकांसारखे, आणि खालचे हातभर मीठ चढून पांढरे झालेले.

तळं उथळ आहे. श्रावणात भरलं तरी पाणी मांडीच्या वर चढत नाही. दिवाळीला ते गुडघ्याशी येतं, संक्रांतीला पोटरीशी, होळीला घोट्याशी. आणि चैत्रात पाण्याच्या जागी पांढरी साय धरते. कार्तिकात आधी शेकाट्या येतात, काडीसारख्या लाल पायांच्या. मग वर वळलेल्या चोचीच्या उचाट्या. चक्रवाकांच्या जोड्या काठाकाठाने फिरू लागतात. आणि एका सकाळी तांबूस पंखांचे रोहित उतरतात, शेकड्यांनी. मान उलटी करून चोच पाण्यात घालतात आणि तिळाएवढे तांबडे किडे गाळून खातात. उन्ह कललं की काळवीट काठावरचा खार चाटायला येतात, आणि त्यांच्यामागून एखादं खोकड आपलं काही काम असल्यासारखं निघून जातं. हे पाहायला आता लांबून माणसं येतात. पाखरं पाहून झाली की त्यांची नजर त्या ढिगावर जाते, आणि हे दगड इथे आले कुठून, असं ती विचारतात.

सांगायचं काम सध्या पुंजाजीबुवांकडे आहे. वय ऐंशीच्या पुढे. सांगताना ते बसत नाहीत आणि आवाज खाली आणत नाहीत. "बसून आयकाची गोष्ट नाही हे," असं ते आधीच बजावतात. "आन् च्यक च्यक करू नका. कीव कराची अशीन तर पारावर जाऊन करा."

मग ते सांगतात ते असं.

फार मागे निंबखारात मीठ काढणारी अठ्ठावीस घरं होती. या घरांत एक मान होता, चवीचा. तळ्यात मीठ ओढायचं दाताळं कधी घालायचं हे पंचांग ठरवत नसे, देशमुखही ठरवत नसे. एका माणसाची जीभ ठरवत असे. त्या वेळी ती जीभ ठकाईची होती. हा मान तिला सासूकडून आला होता. संक्रांतीला ती मिठाचा शेवटचा घास खाई आणि तिथून पुढे मीठ निघेपर्यंत भाकर अळणी, वरण अळणी, भाजी अळणी. मिरची नाही, चिंच नाही. जीभ कोरी ठेवायची. होळीनंतर ती रोज पहाटे पाण्यात उतरे, तीन ठिकाणी तीन बोटं बुडवी, जिभेला लावी, थुंके आणि काठावर उभ्या माणसांना एकच शब्द सांगे. "नाही." की सगळी दाताळी पुन्हा वळचणीला. "झालं." की अठ्ठावीस घरं तळ्यात.

ठकाई तेव्हा चाळिशीची असेल. हाडापेराने थोर, बोलायला कमी. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. घर दिराचं, चूल जावेची. तिचं म्हणून जगात जे होतं ते एवढंच: ती बोलली की ते खरं असतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आता एक गोष्ट समजून घ्यायला हवी. थंडीच्या दिवसांत या तळ्याच्या कडेला एक खार धरतो. दिसायला तो मिठाहून सुंदर असतो. लांब, पारदर्शक, काचेच्या काड्यांसारखा. परका माणूस त्यालाच मीठ समजेल. गावातलं शेंबडं पोरही तो तोंडात घालत नाही, कारण चव कडू आणि पोट धुऊन निघतं. बैलाचं पोट धरलं तर चिमूटभर पाजायचा, एवढाच त्याचा उपयोग. ऊन तापलं की हा खार पाण्यात परत विरून जातो, आणि मग मागून खरं मीठ बसतं. तोवर थांबावं लागतं. तोवर पाखरं पाणी निवळत असतात. ठकाईची सासू म्हणायची म्हणे, की आधी पाखरांनी जेवायचं, मग आपण. त्यांच्या उष्ट्यावरच मीठ बसतं.

त्या वर्षी माघात सुभेदाराची छावणी नदीपलीकडे पडली. लढाई तोंडावर होती आणि फौजेला मीठ हवं होतं. जो सगळ्यांत आधी मीठ पोचवील त्याला पालखीचा मान, असं सुभेदाराने बोलून टाकलं. परगण्याचा देशमुख रायभान याच्याकडे घोडा होता, छत्री होती, पालखी नव्हती. तो दुसऱ्याच दिवशी तळ्यावर आला. काठाला काचेच्या काड्या चकाकत होत्या.

"काय ठकाई, झालं ना मीठ?"

"नाही."

"मग हे पांढरं काय दिसतंय?"

"खार हाये तो. बैलाईचा."

"फौजेला चालेल की."

"काहून? फौजेचं पोट धरलं काय?"

माणसं हसली. देशमुखाच्या घोड्याची वाकदोर धरलेला मोतद्दारसुद्धा तोंड फिरवून हसला. रायभानाने घोडा वळवला. पण एखादा माणूस शिवी विसरतो, हसू विसरत नाही.

त्याच दिवशी त्याने ठकाईच्या दिराला वाड्यावर बोलावलं. दिराचं नाव खंडुजी. वाईट माणूस नव्हता, असं बुवा सांगतात, आणि इथे त्यांचा आवाज सगळ्यांत जास्त चढतो. "वाईट असता तर बरं झालं असतं. वाईट मानसाले लोक ओयखतात." चवीचा मान तुझ्या घरात कायमचा, वंशपरंपरा, असा शब्द देशमुखाने दिला. दुसऱ्या सकाळी खंडुजी पाण्यात उतरला, तीन बोटं बुडवली, जिभेला लावली, आणि म्हणाला, "झालं."

काठावर कोणी हललं नाही.

"वैनीची जीभ गेली आता," खंडुजी म्हणाला. "वय झालं तिचं. कडू लागते म्हन्ते तिले सगळं."

ठकाई तिथेच उभी होती. तिने आळीपाळीने अठ्ठावीस घरांच्या तोंडांकडे पाहिलं. यातल्या प्रत्येकाने हाच खार आपल्या बैलाला पाजलेला होता. सगळ्यांना खरं माहीत होतं. तरी एक जण खाली वाकला आणि त्याने दाताळं उचललं. मग दुसऱ्याने उचललं.

पण तळ्यात अजून पोटरीएवढं पाणी होतं आणि पाण्यात पाखरं होती. पाण्याला वाट करून द्यायला चर खणला. पाखरं हलेनात. फौजेच्या मिठात शीट नको, पांढरंशुभ्र दिसलं पाहिजे, असा देशमुखाचा हुकूम होता. तेव्हा नदीवरून गाड्या भरभरून गोल दगड आणले, आणि दर घरामागे एक गोफण काठावर उभी राहिली. ढोल आणले. तीन दिवस हे चाललं. पाखरं उठायची, तळ्यावर एक फेर घ्यायची आणि पुन्हा उतरू पाहायची, कारण त्यांना दुसरं ठिकाण माहीत नव्हतं. खालून दगड यायचे. रोहिताचा पाय किती बारीक असतो ते ज्याने पाहिलंय त्याला पुढचं सांगायला नको. मोडक्या पायांची पाखरं चिखलात पंख आपटत होती. काळवीट गेले, चक्रवाक गेले. तीन दिवस त्या पाखरांचे पाय भुईला लागले नाहीत असे सांगतात. तिसऱ्या दिवशी तांबूस ढग वर वर चढला आणि दक्षिणेला निघून गेला.

ठकाई पाण्यात जाऊन मध्ये उभी राहिली होती. दोन दगड तिलाही लागले, एक खांद्याला आणि एक कानामागे. "हात झडतीन तुमचे!" ती ओरडत होती. "ज्याच्या उष्ट्यावर पोट भरता त्यालेच मारता? मारा, मारा! मले मारा, मी तं उडूनई जात नाही!" ढोलात ते कोणाला ऐकू गेलं नाही. किंवा गेलं. बुवा म्हणतात, गेलं.

मीठ गेलं. गाड्यांना तोरणं बांधून गेलं. छावणीत त्या रात्री जेवणं झाली, आणि सकाळी सुभेदाराच्या तीन हजार फौजेपैकी एकही माणूस घोड्यावर बसण्याच्या अवस्थेत नव्हता. नदीकाठची झुडपं पुरेनात. नगारा वाजवायला गेलेला नगारा टाकून पळाला. पाहुणे इथे हसतात, आणि बुवा त्यांना हसू देतात. मग विचारतात, "हासून झालं?"

पाचव्या दिवशी सुभेदाराचे स्वार निंबखारात आले. त्या काळचा कायदा साधा होता. ज्याच्या जिभेवर मीठ निघालं, त्याच्या जिभेने जबाब द्यायचा. देशमुखाने हात वर केले. "माझं कामच नाही ते. चवीचा मान ठकाईचा. गावाला विचारा."

स्वारांनी गावाला विचारलं. एकेका घराला पुढे बोलावून विचारलं: मीठ कोणाच्या जिभेवर काढलं?

पहिलं घर म्हणालं, ठकाईच्या.

दुसरं घर म्हणालं, ठकाईच्या.

थोड्याच दिवसांपूर्वी तिची जीभ गेली म्हणून याच लोकांनी दाताळी उचलली होती. आता त्याच जिभेने मीठ ठरवलं म्हणाले. खंडुजीने मान खाली घालून तेच सांगितलं. त्याची बायको सुंदरा, जिच्या चुलीवर ठकाईची अळणी भाकर रोज वेगळी थापली जायची, जिला त्या घरात सगळ्यांत आधी कळायचं की आज पाणी काय म्हणतंय, तिनेही पदर तोंडाशी धरून तेच सांगितलं. अठ्ठावीस वेळा तेच नाव. ठकाई उभी राहून मोजत होती. अठ्ठाविसावं झाल्यावर ती म्हणाली, "येकई नाही?"

कोणी वर पाहिलं नाही.

तिची जीभ तापल्या सळईने डागली. हे एवढंच वाक्य बुवा सांगतात आणि त्यात भर घालत नाहीत.

रायभानाला पालखी मिळाली नाही आणि होता तो घोडाही गेला, म्हणे. त्याच्याविषयी गाव फारसं बोलत नाही. देशमुख हे देशमुखासारखेच वागायचे. गावाला जे सांगायचं आहे ते स्वतःचं.

ठकाई मेली नाही. ती गाव सोडूनही गेली नाही. गेली असती तर गाव सुटलं असतं. ती दिराच्या घरातून निघाली आणि तळ्याच्या काठावर पिलूच्या झुडपांना टेकून तिने खोपट घातलं. येता-जाता सगळ्यांना दिसेल असं. जिभेला चव उरली नव्हती. गोड, तिखट, खारट, तिला सगळं सारखंच. तरी कोणी मिठाचं अन्न ठेवून गेलं की डागलेल्या जिभेला झोंबल्यावरून ती ते ओळखत असे आणि उचलून रस्त्यावर मांडून ठेवत असे. शिवी नाही, शाप नाही. तिचं तोंड पाहिलं की लोक वाट वाकडी करत.

पुढल्या कार्तिकात पाखरं आली नाहीत. तांबडे किडे खायला कोणी नव्हतं. ते वाढले, मेले, आणि वाऱ्याने काठाला लागून त्यांचा हातभर उंच लाल थर सडला. गाव नाकाला फडकं बांधून झोपू लागलं. पाणी गढूळ ते गढूळच. मीठ कधी तयार होतं ते खंडुजीला कळेना. तो एकदा माघात "झालं" म्हणाला आणि एकदा वैशाखात. दोन्ही खेपेला जे निघालं ते तांबूस, ओलसर, कडवट. बैलांपुढे ठेवलं तर बैल तोंड फिरवीत. त्याच्या पुढल्या वर्षीही तेच.

आणि या दोन वर्षांत ठकाई एकच काम करत होती. ती तळ्यात उतरे, चिखलात कोपरापर्यंत हात घाली आणि गोफणीचे दगड काढी. एकेक. अठ्ठावीस घरांनी तीन दिवस फेकलेले. ते धुऊन ती एका जागी रचून ठेवी. खाऱ्या पाण्याने हात फुटले, नखं गेली. पहिल्या वर्षी सुंदरा एकदा मदतीला म्हणून पाण्यात उतरली. तिने एक दगड काढून ढिगावर ठेवला. ठकाईने तो उचलला, तिच्या हातात परत दिला, आणि काठाकडे बोट केलं.

तिसऱ्या वर्षी कार्तिक वद्यात अकरा रोहित उतरले. ढिगापासून हाकेच्या अंतरावर. दुसऱ्या दिवशी चाळीस. पौषात मोजता येईनात. पाणी हळूहळू निवळू लागलं, सडका वास गेला, आणि माघात पुन्हा काठाला काचेच्या काड्या चकाकू लागल्या. दोन वर्षं धड मीठ न निघालेलं गाव हावरं झालं होतं. पाखरांना थोडं बाजूला सारू, थोडंसंच काढून पाहू, असं म्हणत खंडुजी आणि आणखी नऊ-दहा जण दाताळी घेऊन सकाळी तळ्यात उतरले.

ठकाई ढिगावर उभी होती. तिच्या हातात गोफण होती.

पहिला दगड खंडुजीच्या दाताळ्याचा दांडा मोडून गेला. दुसरा त्याच्या पायाशी चिखलात घुसला.

"वैनी! म्या हाये, खंडू!"

"ओयखलं!" ठकाई म्हणाली. भाजल्या जिभेने ती अडखळत बोलायची, पण त्या दिवशी काठावरच्या शेवटच्या माणसाला शब्द कळला. "तू हायेस म्हनूनच मारतो. पाखराईले मारतानी गोट्याले नाव लागत नव्हतं. आता येकायेकाचं नाव घिऊन मारीन. दगड तुमचेच हायेत. मोजून ठेवले म्या."

सगळे माघारी फिरले. ती मात्र उतरली नाही. माघ गेला, फाल्गुन गेला. ती दिवसभर ढिगावर, गोफण मांडीवर, पाठ पाखरांकडे आणि तोंड गावाकडे. पाखरं तिच्या सावलीत येऊन चरत होती, असे सांगतात. गावाची मुलं काठावरून बघत. तिला पाहायचं म्हणून बघत आणि मग पाखरं बघत. चैत्री पौर्णिमेच्या दुपारी, ऊन डोक्यावर असताना, कोणी हाकललं नाही, आवाज नाही, आणि रोहित आपापले उठले. एक फेर घेतला, उत्तरेला वळले आणि गेले. मागोमाग उचाट्या गेल्या. तळं रिकामं झालं.

तेव्हा ठकाईने गोफण खाली ठेवली. ढिगावरून उतरली, वाकली, पांढऱ्या सायीचा एक तुकडा उचलून काठावर आणून ठेवला आणि खोपटात निघून गेली. तिला स्वतःला त्याची चव लागणार नव्हती. सुंदराने पुढे होऊन तो जिभेला लावला. अस्सल मीठ होतं, पूर्वीसारखं. सुंदराने उरलेला तुकडा पदरात बांधला.

पाखरं उठली की मीठ तयार. इतकी साधी गोष्ट. गावाला ती एका बाईची जीभ जाळून शिकावी लागली.

संध्याकाळी अठ्ठावीस घरं खोपटापुढे जमली. सुंदराने त्या मिठाची भाकर केली होती. तिने ती दोन्ही हातांनी पुढे केली.

"बाई, चुकलं आमचं. आमच्या घरानं खोटं सांगतलं. घ्या येवढी."

ठकाईने भाकर घेतली आणि तळ्यात भिरकावली. दुसऱ्या घराने आणली, तीही गेली. अठ्ठावीस भाकरी गेल्या. ती एकदाही रडली नाही, आणि रडणाऱ्यांकडे तिने पाहिलं नाही.

त्यानंतर ती बारा वर्षं जगली. दर साली पाखरं ती राखी, आणि दर साली तिच्यापुढे भाकरी येत, आणि ती त्या फेकून देई. शेवटचं दुखणं आलं तेव्हा ती सुंदराच्या हातचं पाणी प्यायली. पाणी तेवढं. सुंदरा म्हणाली, "आता तरी राग सोडा, बाई. राग घिऊन जाऊ नका."

"म्या कुठी नेतो?" ठकाई म्हणाली. "तुमच्यापाशीच ठिऊन जातो. जीभ तं नव्हतीच तुमच्यापाशी. माहा राग तरी असू द्या."

तेव्हापासून राग हे निंबखारचं वतन आहे. दर कार्तिकात, पहिले रोहित उतरले त्या दिवशी, अठ्ठावीस घरांपैकी एका घरची बाई पाळीने ढिगावर जाऊन बसते. ती त्या दिवशी कोणाची आई नाही, कोणाची सून नाही. प्रत्येक घर तिच्यापुढे पाण्यात उभं राहतं, स्वतःच्या तोंडाने सांगतं की आमच्या घरानं खोटं सांगतलं, आणि मिठाची भाकर पुढे करतं. तिने ती घ्यायची नाही.

एका साली एका बाईने घेतली, असे सांगतात. नवी सून होती, मऊ मनाची. पुढे उभा असलेला सासरा थंडीने कुडकुडत होता, तिला पाहवलं नाही. तिने भाकरीचा तुकडा मोडला आणि खाल्ला. गाव आनंदाने ओरडलं. ढोल वाजले. इतक्या पिढ्यांनी माफी मिळाली म्हणून गूळ वाटला. आणि त्याच माघात, काठ चकाकू लागताच, दाताळी वळचणीतून निघाली. पाखरं तळ्यातच होती.

त्या सुनेनेच म्हणे गोफण उचलली.

आजही भाकरीच्या दिवशी पाहुण्यांतलं कोणीतरी दरवर्षी म्हणतं, की आता पुरे झालं, इतका जुना राग कशाला धरायचा.  पुंजाजीबुवा चप्पल काढतात, धोतर वर खोचतात आणि आपल्या घराची भाकर घेऊन पाण्यात उतरतात. ऐंशी ओलांडलेला माणूस गुडघाभर गार पाण्यात उभा राहून, नातीच्या वयाच्या बाईपुढे हात जोडतो आणि आपल्या घराचं खोटं मोठ्याने सांगतो. ती त्याच्याकडे डोळे रोखून पाहते. मग भाकर त्याच्या डोक्यावरून लांब पाण्यात जाऊन पडते, जवळचे चार-सहा रोहित दचकून पंख उघडतात, चार पावलं सरकतात, आणि माना खाली घालून पुन्हा चरू लागतात.